सासूबाईंच्या यादीत मांजरसुद्धा आहे

अकरा वर्षं झाली, रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता मी सासूबाईंची प्रार्थना ऐकते. ऐकते म्हणजे काय, ऐकावीच लागते. देव बहिरा आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे.

"थोरल्याला सांभाळ, धाकट्याला बुद्धी दे, लेकीचं नीट चालू दे, जावयाचं पोट बरं कर." मग नातवंडं. मग वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा गुडघा. शेवटी मांजर. मांजर! दूध सांडणारं, गादी ओरबाडणारं मांजर देवाच्या दरबारात रोज हजर, आणि यांची औषधं आणणारी सून गैरहजर.

मी काकांकडे वाढले. ही कोण, असं कुणी विचारलं की काकू म्हणायची, "आहे आमच्याकडे." लग्न झालं तेव्हा वाटलं, आता तरी मी कुणाची तरी होईन. म्हणून रोज सुरी थांबवून कान देते. सासूबाईंच्या तोंडून माझं नाव आलं की मी देवाच्या आणि या घरच्या हिशेबात आले. ते काही येत नाही. मग मी कांद्यावर राग काढते.

परवा मी कामाला जाते त्या लाँड्रीतही डोकं फिरलं होतं. कपडा आला की कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, हे माझं काम. धुताना एका शर्टाची चिठ्ठी गळाली. रंग उडालेला, कोपराला ठिगळ. दुकानमालक म्हणाले, "टाक बेवारशी खोक्यात." टाकला. दुपारी एक म्हातारा आला. मी वही उघडेपर्यंत त्यानं खोक्याकडे बोट दाखवलं.

"तो बघा, माझा."

"कशावरून?" मी खेकसले.

"कशावरून काय? माझा आहे म्हणून माझा." आणि शर्ट छातीशी धरून तो गेलासुद्धा.

त्याच संध्याकाळी मांजराचं कल्याण मागून सासूबाई उठल्या आणि माझा तोल सुटला. "आई, अकरा वर्षांत माझं नाव एकदाही नाही घेतलंत. का?"

त्यांनी बोटांवर एकेक नाव मोजून पाहिलं. "अगंबाई, खरंच की! राहूनच गेलं."

राहूनच गेलं! मला वाटायचं, काहीतरी डूख धरला असेल. तर नुसता विसर!

"मी विसरभोळी बाई," त्या चष्मा शोधत म्हणाल्या. चष्मा डोक्यावरच होता. "पण माझ्या शिफारशीवाचून देव तुला ओळखत नाही, हे तुला कुणी सांगितलं? यादी माझी आहे, त्याची नव्हे."

इतका संताप आला, की भाजी तशीच टाकून मी त्यांच्या चटईवर जाऊन बसले. हात जोडले. बोलायचं काय, सुचेना. शेवटी म्हटलं, "मी आहे इथे." आणि तो म्हातारा आठवला. चिठ्ठी नव्हती, शर्ट विटलेला होता, तरी त्याला क्षणभरही शंका आली नाही. माझा आहे म्हणून माझा. मला रडू कोसळलं. काकूच्या घरापासून साठलेलं सगळं बाहेर आलं.

"अगं, मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही!" आतून सासूबाई.

"तुमच्याशी नाही बोलत मी!" मी ओरडले. मग नाक पुसलं आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेतली, सासूबाईंचं आधी. मांजराचं तेवढं मुद्दाम गाळलं. त्यालाही देव ओळखतोच.