भरल्या पोटी ट्रम्पेट

माझा नवरा शहराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. बँडवाल्यांच्या खाण्याच्या खुळाबद्दल मी बोलायला लागले की आमची शेजारीण गुपचूप दार लावून घेते, इतकं तिने ते ऐकलंय. तुम्ही ऐकलेलं नाही, तेव्हा बसा.

या लोकांचा पक्का समज असा की पोट भरलेलं असलं की श्वास पुरत नाही. वाजवायच्या तोंडावर जड खाऊ नये, एवढंच कधीतरी कोणीतरी सांगितलं असेल. माझ्या नवऱ्याने त्याचं पार व्रत करून टाकलं. दुधाने कफ होतो, म्हणून दूध बंद. दह्याचं तर नावच काढायचं नाही. अंड्याने ढेकर येतात. पालेभाजी दातांत अडकते आणि वाजवताना जीभ तिकडेच धावते. डाळीचं विचारलं तर म्हणाला, "अगं, मला वारा वरच्या बाजूने काढायचा असतो." मग उरलं काय, तर कोरा चहा आणि टोस्ट. आधी हे फक्त कार्यक्रमाच्या दिवशी असायचं. मग तालमीच्या दिवशीही सुरू झालं. आणि घरी सराव तर रोजच, म्हणून मग रोजच. मी टेबलावर दोन ताटं मांडायचे आणि एकटीच जेवायचे. मला राग यायचा, आणि रागाहून जास्त वाईट वाटायचं.

एक दिवस त्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले. साध्या बारीक भेगा, पण ट्रम्पेटवाल्याचे ओठ म्हणजे शिंपिणीची बोटं. मी शिवणकाम करते, बँडचे गणवेशही मीच शिवते, मला कळतं. ओठ ताणून फुंकलं की भेगा उघडायच्या आणि वरचे सूर चिरकायचे. त्याने सगळा दोष ट्रम्पेटला दिला. तोंडाला लावायचा भाग उकळून काढला, घासला, बदलला, परत जुना बसवला. ओठांना मलमं फासली. आमच्या आरशासमोर इतक्या डब्या जमल्या की मला कंगवा सापडेना.

बँडचे मास्तर सज्जन माणूस, पण सुराच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणार नाहीत. बागेतला वर्षाचा मोठा कार्यक्रम महिन्यावर आला होता. त्यात मधोमध एकट्या ट्रम्पेटचं सोलो असतं, आणि त्याच्या शेवटी एक लांबच लांब सूर. तो सूर संपेपर्यंत बागेतली पोरंसुद्धा आईसक्रीम चाटायची थांबतात. इतकी वर्षं ते सोलो माझ्या नवऱ्याचं होतं. मास्तर घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "कार्यक्रमाच्या आदल्या तालमीत ऐकतो. चिरकलास तर सोलो शिट्टीला."

शिट्टी म्हणजे बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला. चांगला वाजवतो, वाईट माणूस नाही. पण त्यांच्या बँडची रीतच अशी की सोलो एकदा हातचं गेलं की गेलं. ज्याच्याकडे जातं, तो बँड सोडेपर्यंत त्याचंच राहतं. मास्तर गेल्यावर नवरा ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला. मी त्याला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं.

"जेवता काय?" बाईंनी विचारलं.

"सगळं खातो," नवरा म्हणाला.

"सगळं म्हणजे टोस्टच्या दोन्ही बाजू," मी म्हटलं.

बाईंनी त्याची जीभ पाहिली, खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर म्हणाल्या, "कोपरे फाटायला बरीच कारणं असतात. तुमच्या बाबतीत कारण ताटात आहे, म्हणजे ताटात नाहीये. बी-टू नावाचं जीवनसत्त्व कमी पडतंय. दूध, दही, अंडी, हिरव्या भाज्या, नेमकं तुम्ही जे जे सोडलंत त्यातच ते असतं. शरीर ते फारसं साठवून ठेवत नाही, रोजचं रोज द्यावं लागतं. आणि एक कमी पडलं की सहसा एकटं पडत नाही, बाकीचीही मागोमाग पडतात."

"मग गोळी द्या की," नवरा उत्साहाने म्हणाला. "पोटही रिकामं राहील."

"थोडे दिवस गोळी देतेच. पण अख्खं जेवण गोळीत मावलं असतं, तर मी सकाळी उठून स्वयंपाक कशाला केला असता?" बाई म्हणाल्या. "वाजवायच्या दोन-तीन तास आधी जेवा. तोवर पोट हलकं होतं. आणि एकाच गोष्टीवर तुटून पडू नका. थोडं थोडं, पण सगळं."

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "ह्यांनी कधी ट्रम्पेट वाजवलंय का?" मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, "त्यांनी नाही वाजवलं. पण तूही हल्ली कुठे वाजवतोयस?" हे त्याला लागलं. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत, आणि त्याच संध्याकाळी तो मुकाट्याने जेवायला बसला.

पहिले काही दिवस काय नखरे सांगू! वाटीभर दह्याकडे असं बघायचा की जणू मी त्यात काही कालवलंय. मीही काही फार थाटमाट केला नाही. सकाळी दूध आणि अंडं. दुपारी भात, डाळ, एखादी हिरवी भाजी, गाजर नाहीतर टोमॅटो, वर लिंबाची फोड. संध्याकाळी हातात एक फळ आणि मूठभर शेंगदाणे. बाजारात जे स्वस्त आणि ताजं, तेच आमच्या ताटात. नवरा आधी घड्याळाकडे बघत जेवायचा, मग ताटाकडे बघत जेवायला लागला. एकदा माझ्या ताटातलं गाजर उचललं. मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. आत मात्र मला इतका आनंद झाला की हातातला घास तसाच राहिला.

भेगा हळूहळू भरत आल्या. तो जांभई देताना कळवळायचा, ते थांबलं. जिना चढून आल्यावर भिंतीला हात लावून उभा राहायचा, तेही कमी झालं. आणि मास्तरांनी सांगितलेल्या तालमीच्या दिवशी मी गणवेशांची मापं घ्यायच्या निमित्ताने हॉलमध्ये जाऊन बसले. निमित्तच ते, मापं माझ्याकडे आधीपासून होती. तो उभा राहिला. माझ्या हातातली टेप मी बोटाभोवती इतकी गुंडाळली की बोट पांढरं पडलं. सूर वर गेला, आणखी वर गेला, आणि चिरकला नाही. शेवटचा लांब सूर संपला तेव्हा मास्तरांची काठी हवेतच होती. शिट्टीनेच आधी टाळी वाजवली.

मास्तर एवढंच म्हणाले, "जेवतोस वाटतं?"

"दोन्ही वेळा," नवरा म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो जुन्या सवयीने म्हणाला, "आज राहू दे." मी ताट पुढे सरकवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जेवला, भाजी तर दुसऱ्यांदा घेतली. मग गणवेश चढवायला गेला आणि आतून हाक आली. कोटाचं मधलं बटण काजापर्यंत पोचेना. टोस्टवर जगणाऱ्या माणसाच्या मापाने शिवलेला कोट तो! शिवण उसवायला वेळ नव्हता. त्याला म्हटलं, श्वास आत ओढ, आणि ओढून-ताणून लावलं बटण.

बाग गच्च भरली होती. मी पुढच्या बाकावर एका अनोळखी बाईंशेजारी जागा पटकावली. सोलो आलं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि शेवटचा सूर धरला. सूर लांबत गेला, लांबत गेला, आणि बटण तटकन तुटून थेट मास्तरांच्या स्टँडवर आपटलं. मास्तर दचकले. सूर हललासुद्धा नाही. कोट उघडा, पोट बाहेर, ओठ एकसंध, आणि नवरा वाजवतोच आहे. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

शेजारच्या बाई हसू आवरत म्हणाल्या, "बटण कोणी लावलं होतं हो, इतकं कच्चं?"

"मी," मी डोळे पुसत म्हटलं. "आणि जेवूही मीच घातलंय."