अस्तर न लावलेली बातमी

आमच्या गटाचं नाव शिवणघर. फोनवरचा गट आहे, चारशेच्या वर माणसं आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कुणाचा मशीनचा पट्टा घसरतो, कुणाला कॉलर जमत नाही, कुणी निव्वळ गप्पा हाणायला येतं. गट मी आणि भूगोलाच्या बाईंनी मिळून काढला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. गटात मला सगळे रफूताई म्हणतात. म्हणजे निदान तोंडावर तरी.

गटात एक नियम आहे, तो बाईंचा. वाईट बातमी टाकायची तर आधी 'अस्तर' असा एकच शब्द लिहायचा. त्याखाली एका ओळीत सांगायचं की बातमी कसली आहे, अपघाताची, आजाराची की मृत्यूची. मग एकाखाली एक पाच ठिपके. त्याच्या खाली बातमी. ज्याला झेपेल तो खाली जाईल, बाकीचे तिथूनच मागे फिरतील. आणि फोटो अजिबात टाकायचा नाही.

बाईंनी हा नियम मांडला तेव्हा मी सगळ्यांदेखत खिल्ली उडवली होती. बातमीला कसलं आलंय अस्तर, उद्या म्हणाल इस्त्रीही करून द्या. एवढं जपायला आपण काय काचेची भांडी आहोत? बाई चिडल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, "इथे माणसं हातात सुई घेऊन बसलेली असतात. दचकली की बोटात जाते." मला ते फारच शाळामास्तरी वाटलं. नियम झाला. मी तो पाळायचे, पण नाक मुरडून.

गटात एक पायमशीनवाल्या वहिनी होत्या. घरोघरी मोटरची मशीन आली तरी ही बाई अजून पायाने मशीन चालवायची, म्हणून ते नाव पडलं. फार बोलायच्या नाहीत. वर्षभरापूर्वी त्यांनी एक अडचण विचारली. लेक पुलांच्या कामावर मोजणी करायला जाते, तिला तिथलं पिवळं जॅकेट मिळालंय, पण ती जॅकेटं पुरुषांच्याच मापाची येतात. पोरीच्या अंगावर ते पोत्यासारखं लोंबतं, बाह्या कुठेही अडकतात. पाठीतून आत घ्यावं तर मधली चमकणारी पट्टी तुटते, आणि पट्टी तुटलेलं जॅकेट साहेब लोक चालवून घेत नाहीत. काय करू?

असली अडचण दिसली की मला जेवण सुचत नाही. मी दुकानात एका जुन्या जॅकेटवर दोन दिवस झटले आणि पद्धत काढली. पट्टी आधी अलगद उसवायची. दोन्ही खांद्यांच्या खाली एकेक उभी चूण घ्यायची, पण ती वरून चार बोटं मोकळी सोडायची, म्हणजे हात वर जातो. मग पट्टी वरून पुन्हा लावायची, अखंड, आणि उरलेला तुकडा कडेच्या शिवणीत दडवायचा. मी टप्प्याटप्प्याचे फोटो टाकले. सगळ्यांनी वा वा केली.

आठवड्याने वहिनींनी फोटो टाकला. त्यांची लेक पाठमोरी उभी, दोन्ही हात आभाळाकडे, पाठीवर पट्टी एका रेषेत. खाली लिहिलं होतं, "लेक म्हणतेय, रफूमावशींना सांग, पहिल्यांदा हात वर करून काम करता आलं." मी तो फोटो दुकानात येईल त्याला दाखवला. गिऱ्हाईकांना दाखवला, शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याला दाखवला, तो म्हणाला, चेहरा तर दिसतच नाहीये. मी म्हटलं, चेहरा काय करायचाय, पाठ बघ.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

त्या मंगळवारी दुपारी दुकानात सामसूम होती. एका कोटाचा खिसा फाटला होता, तो हातात होता आणि फोन मशीनला टेकवून ठेवला होता. बातम्या सरकवत होते. एक फोटो आला आणि माझा अंगठा थांबला. वाकलेल्या लोखंडी सळ्या, धूळ, कठडा, आणि कठड्यावर टाकलेलं एक पिवळं जॅकेट. पाठ आपल्याकडे. दोन उभ्या चुण्या, वरून चार बोटं मोकळ्या. पट्टी अखंड.

माझी पद्धत! बातमीत!

छाती अशी फुगली की काय सांगू. बातमीचा मथळा फोटोच्या वरच होता, मोठ्या काळ्या अक्षरांत: 'उड्डाणपुलाचा सांगाडा कोसळून दोन कामगार ठार'. मी तो वाचला नाही असं म्हणणार नाही. डोळे त्यावरून गेले. पण नुसते डोळे फिरणं वेगळं, वाचणं वेगळं. मी मथळ्यासकट फोटो उचलला, जॅकेटभोवती बोटाने लाल गोल काढला आणि गटात टाकला. लिहिलं, "ओळखा पाहू कोणाची पद्धत! एवढं सगळं कोसळलं, पण जोड उसवलेला नाही!"

चारपाच अंगठे लगेच आले. एकीने विचारलं, दोरा कितव्या नंबरचा असेल? मी तिला दोऱ्याचा नंबर सांगितला. बाईंनी लिहिलं, "अस्तर कुठे आहे?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लिहिलं, "बाई, बातमी नका बघू, शिलाई बघा." आणि त्याच तोऱ्यात खाली विचारलं, "आपल्यापैकी कोणी केलंय हे? हात वर करा!"

मग पायमशीनवाल्या वहिनींचं उत्तर आलं.

"मी."

मी आधी हसलेच. खरं सांगते, आधी हसले. म्हटलं, शाब्बास वहिनी. तेवढं टाइप करायला घेतलं आणि मग तो मथळा मला पहिल्यांदा नीट दिसला. हातातला कोट खाली पडला. तीस वर्षं मी माणसांची मापं घेतेय. जॅकेटच्या आत कुणीतरी असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फोटो पुसून टाकला. त्याने काय होणार होतं? मी त्यांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तो फोटो गेला कुठे? मी बघत होते आणि गेलाच."

"वहिनी, मी काढला. माझं चुकलं. मला कळलंच नाही."

"ते राहू द्या. बातमीत काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा ना. माझा चष्मा पलीकडे पडलाय आणि मला उठवत नाहीये."

"घरात कोणी आहे का?"

"हे बाहेर गेलेत. तुम्ही वाचा."

मी बातमी उघडली. मोजून पाच ओळी. मी एकेक वाचली. दुपारी साडेबारा वाजता सांगाडा कोसळला. दोन कामगार जागीच ठार. सहा जखमी, त्यांना दवाखान्यात हलवलं. मृतांची ओळख पटवण्याचं काम सुरू आहे. कारण समजलेलं नाही.

"कामगार म्हटलंय ना?" वहिनी म्हणाल्या. "बघा पुन्हा. कामगारच म्हटलंय ना?"

"हो."

"ती कामगार नाही. ती मोजणीवाली आहे. तिला मॅडम म्हणतात तिथे."

मी म्हटलं, हो.

"आणि जॅकेट कठड्यावर होतं. अंगावर नव्हतं. उकाडा झाला की ती काढून ठेवते, मी शंभरदा सांगितलंय काढू नकोस म्हणून. काढलं असेल आणि पाणी प्यायला गेली असेल. हो की नाही?"

"असेल, वहिनी. तसंच असेल."

"तिला फोन लावला मी. वाजतोय. वाजतोय म्हणजे बरंच आहे ना? बंद नाही लागत."

मी म्हटलं, वाजतोय म्हणजे चांगलंच आहे. हे मी का म्हटलं, देव जाणे. त्यांच्याकडे कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता. मध्येच त्या म्हणाल्या, "ताई, बाकी सगळ्यांची जॅकेटं ढगळ आहेत तिथे. चुण्या घातलेलं तिचं एकटीचंच आहे." रडू आवरायला तोंडात धरायला पदर नव्हता, म्हणून मी खाली पडलेला तो फाटका कोटच उचलून धरला.

"थांबा हं," त्या एकदम म्हणाल्या. "दुसरा फोन येतोय. ऑफिसचा नंबर आहे. तिच्या ऑफिसचा. मी करते तुम्हाला परत."

त्यांनी परत केला नाही.

मी दुकान बंद केलं नाही. घरी जाऊन काय करणार होते? कोट शिवत बसले. संध्याकाळी कोटवाला आला, त्याने खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाला, अहो, हा तर बंदच करून टाकलाय तुम्ही. खिशाचं तोंडच मी शिवून टाकलं होतं, वर दुहेरी टीप मारून. तो हसत होता. मी उसवायला घेतलं तर दोऱ्याऐवजी कापडच कापायला लागले, तेव्हा तो म्हणाला, राहू द्या, उद्या येतो.

भूगोलाच्या बाईंचा फोन आला. मला वाटलं, आता त्या मला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?" मग म्हणाल्या, "मला वहिनींच्या नवऱ्याचा निरोप आला. पोरगी गेली." मी म्हटलं, बाई, वहिनींना हे माझ्यामुळे कळलं. ऑफिसचा फोन दहा मिनिटांनी येणारच होता. एखाद्या माणसाने नीट सांगितलं असतं, बसवून, पाणी देऊन. मी तिला लाल गोल काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, हो. खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नाही.

मी वहिनींना माफीचे चार निरोप लिहिले आणि चारही पुसले. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तेवढंही ओझं त्यांच्यावर टाकायची माझी लायकी नव्हती.

बारा दिवस गटात कुणी काही बोललं नाही. तेराव्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, एका फ्रॉकची तुरपाई हातात घेतली आणि फोन वाजला. गटात पायमशीनवाल्या वहिनींचा निरोप होता. वर एकच शब्द दिसत होता.

अस्तर.

उघडला. दुसरी ओळ होती, "आमच्या घरातली बातमी आहे. मृत्यूची आहे. ज्यांच्या हातात सुई असेल त्यांनी ती आधी खाली ठेवावी."

मी सुई खाली ठेवली.

त्याखाली ठिपके होते. नियमाप्रमाणे पाच हवेत. पाच झाले, दहा झाले, ते संपेचनात. मी अंगठ्याने वर सरकवत होते आणि एकाखाली एक ठिपके येतच होते. या बाईने बसून, एकेक करून, आमच्यासाठी ते दिले होते. प्रत्येक ठिपक्यावर मला थांबता येत होतं. फोन उलटा ठेवता येत होता, पाणी पिऊन येता येत होतं. तिला मी एकही दिला नव्हता. मला हुंदका फुटला तो तिथे, बातमीच्या आधीच.

सगळ्यात खाली लिहिलं होतं:

"आमची लेक कामावर असताना गेली. सत्तावीस वर्षांची होती. फोटो टाकत नाही, गटात काही जणांची मुलं अशाच कामांवर आहेत, त्यांना त्रास होईल. तुम्ही सगळ्यांनी तिच्या जॅकेटसाठी मदत केली होती म्हणून कळवते. जॅकेट काल परत मिळालं. रफूताई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. जोड उसवलेला नाही."

यात टोमणा नव्हता. ती बाई टोमणे मारणाऱ्यांतली नाही. तिने मला खरंच सांगितलं होतं, एका शिवणाऱ्या बाईने दुसरीला सांगावं तसं, आणि ते वाचून मला मशीनवर डोकं ठेवून ओरडावंसं वाटलं. चाव्या बनवणारा दारात येऊन उभा राहिला. काय झालं म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू जा.

गटात कुणीच अंगठे दिले नाहीत. सगळे माझी वाट बघत असावेत, किंवा मला तसं वाटलं. मी उत्तर लिहायला घेतलं. आधी 'अस्तर' लिहिलं. मग खाली एक ठिपका दिला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. दुपारचं गिऱ्हाईक येऊन फ्रॉक मागून गेलं, तो झाला नव्हता. मी ठिपके देतच होते, आणि त्यांच्या खाली काय लिहायचं ते मला सापडत नव्हतं.