टाळूची शिवण

माझी लेक झोपली की सगळ्या घराला कळायचं. चौदा वर्षांची काडीपैलवान पोर, पण घोरणं असं की शेजारीण मला म्हणायची, अहो, मिस्टरांना डॉक्टरकडे न्या एकदा. ह्यांचा बिचाऱ्यांचा आवाज जागेपणीच ऐकू येत नाही, तर झोपेत काय येणार! घोरायची ती पोरगीच, तोंडाचा आ वासून. मधेच एकदम गप्प व्हायची आणि मग बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास ओढायची. त्या मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

दिवसा वर्गात पेंगायची. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि मुलगी आळशी आहे असं तोंडावर सांगितलं. माझं डोकं सणकलं. म्हटलं, बाई, पोर झोपतच नाही हो, झोपेशी मारामारी करते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून आम्हाला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्या म्हणाल्या, वरचा जबडा फार अरुंद आहे, त्यामुळे जिभेलाही जागा नाही नि नाकातल्या हवेलाही. टाळू म्हणजे दोन हाडं, मधे सांधा. वय वाढतं तसा तो जुळून पक्का होतो. त्यांनी टाळूला स्क्रू असलेली पट्टी बसवली आणि तो रोज किल्लीनं थोडा फिरवायचा असं मला शिकवलं. सांधा अजून कच्चा असेल तर उघडेल, नसेल तर ऑपरेशन. आणि उघडला तरी झोप सुधारेलच असं वचन देत नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं.

मी शिवणकाम करते. कापड उसवायचं मला नवल नाही. पण हाड उसवायचं म्हणजे माझी अक्कलच गुंग झाली.

संध्याकाळी कापड बेतायच्या टेबलावर पोरीला आडवं करायचं, मशीनचा दिवा तोंडावर धरायचा आणि किल्ली हळूच मागे ढकलायची. पहिल्या दिवशी ह्यांनी हौसेनं किल्ली घेतली आणि ऐन वेळी डोळेच मिटून घेतले. मी त्यांना बाहेर हाकललं. पोरगी बोबडं बोलायची, जेवताना वैतागायची. किल्ली फिरली की नाकाच्या मुळाशी ताणल्यासारखं वाटतं म्हणायची. तरी मी हात चालूच ठेवायचे.

मग एका सकाळी ती दात घासून आली नि हसली. पुढच्या दोन दातांमधे ही फट! आरपार सुतळी जाईल एवढी. शिवण नको तिथे उसवली की हात जागीच थांबवायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी किल्ली रुमालात गुंडाळली, पोरीचा हात धरला आणि तडक दवाखाना गाठला. तिथं मी तोंडाचा पट्टा सोडला. पोरीच्या चांगल्या दातांची वाट लावलीत, असंही म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला खुर्चीत बसवलं. त्यांनी एक्सरे काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ताई, ह्याच फटीची मी वाट बघत होते. दात बिघडले नाहीत, सांधा उघडलाय."

ही मधली जागा नव्या हाडानं भरून येईल, दातही जवळ येतील, असं त्यांनी समजावलं. तोंडाचं छत तीच नाकाची जमीन, म्हणून नाकही आतून रुंदावतंय. मी बघतच राहिले. पांढऱ्या हाडात सरळ काळी रेघ होती. जाड कापडावर सुया मोडणाऱ्या माझ्या ह्या बोटांनी पोरीचं हाड सरकवलं होतं! आणि ते शरीर तिथं नवीन हाड विणायला बसलं होतं, कुणी न सांगता. घरी येऊन मी गप्पच बसले, तेव्हा ह्यांना वाटलं वाईट बातमी आहे.

किल्ली फिरवायचं संपलं. हाड भरेपर्यंत पट्टी तशीच ठेवायची होती. एका रविवारी दुपारी पोरगी कोचावर लवंडली नि मी कडेला मशीनवर बसले. संध्याकाळी एक कोट द्यायचा होता. बाही जोडता जोडता जाणवलं, खोलीत मशीनशिवाय आवाजच नाही. मी मशीन थांबवलं. आता श्वास ओढेल, मग ओढेल म्हणून कान लावले. काही नाही.

उठून गेले. तिचं तोंड मिटलेलं होतं. बाहीचा दोरा हातातच होता, तो तिच्या नाकाशी धरला. दोरा हलला. बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर. किती सावकाश! देवा, श्वास इतका साधा असतो?

हे मागे येऊन उभे होते.

"उठवू का तिला?" ह्यांनी घाबरून विचारलं.

मी मानेनंच नको म्हटलं आणि रडायला लागले. हेही रडले, अर्थात आवाज न करता.

तेवढ्यात कोटवाले गिऱ्हाईक आले. मी दार लोटून बाहेर गेले आणि कुजबुजत सांगितलं, "कोट आज होणार नाही. माझी मुलगी झोपलीय."