अर्ध्या सुताची गाडी

पाण्याची नळी तिसऱ्यांदा लावली तरी पाणी तेच सांगत होतं. बळीरामने नळीचं एक टोक सांगाड्याच्या उजव्या पाइपाला धरलं, दुसरं डाव्याला, आणि चष्मा कपाळावर सारून डोळा पाण्याच्या रेषेजवळ नेला. मागची डावी बाजू उंच होती. अर्धा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि त्याचाही अर्धा. बावीस वर्षं लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बसवणाऱ्या माणसाला तेवढं मोजायला पट्टी लागत नाही. लूमला एवढ्याशाने काही होत नाही. पण ही एकट्या माणसाने बसायची शर्यतीची गाडी होती, आणि तिच्यात बसणारा बन्सीलालशेठचा भूपेंद्र होता.

अशी गाडी सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या शेडमागे तयार झाली, हे ऐकून लोक हसत. हसणाऱ्यांचंही चूक नव्हतं. शेठ मूळचे नंदुरबारकडचे, चार लूमवरून साठ लूमवर आलेले. मुलाला शर्यतीचं वेड लागलं तेव्हा त्यांनी नातेवाइकांतल्या वसंतरावांना गाठलं. वसंतराव सुरतेच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे. त्यांनी आयुष्यभर फळ्यावर गाड्या काढल्या होत्या, रस्त्यावर एकही आणली नव्हती. त्यांनी नकाशे केले: बारीक पाइपांचा सांगाडा, पाठीशी मारुतीचं इंजिन, वर फायबरचं पातळ कवच, आणि चालवणारा जवळजवळ आडवा. वेल्डिंगला हात हवा होता, तो बळीरामचा.

पहिल्या शर्यतीत क्लचची तार तुटली आणि गाडी ढकलत परत आणावी लागली. दुसरीत नववा नंबर, मग पाचवा. मग मद्रासला नोव्हेंबरात दुसरा आणि डिसेंबरात पहिला. शेठने शेडमध्ये पेढे वाटले, वसंतरावांनी एका मासिकात आपल्या रचनेवर लेख लिहिला, आणि पुढच्या वर्षी आणखी दोन गाड्या करायच्या, त्यांचा मुख्य मिस्तरी बळीराम, असं शेठ चारचौघांत बोलून गेले. उभ्या आयुष्यात बळीरामला कुणी मुख्य म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने बायकोला, धुरपदाबाईला, ते दोनदा सांगितलं.

भूपेंद्रची मात्र एक तक्रार होती. उजव्या वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जाते, डाव्या वळणावर मागून सुटते. वसंतराव म्हणत, टायर. बळीरामही टायरच म्हणत होता. आज नळी लावली आणि त्याला आपलीच चूक दिसली.

लूम बसवताना मोटरच्या बाजूच्या पायाखाली अर्ध्या सुताची पत्री, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, सारायची, हा जॉबर लोकांचा रिवाज. पट्ट्याच्या ओढीने आणि धक्क्यांनी ती बाजू दबते. महिन्याभरात लूम आपोआप सरळ होतो. सांगाडा वेल्डिंगला घेतला तेव्हा बळीरामने खाली दोन रूळ मांडले आणि लूमची मोटर जिथे यायची त्या मागच्या डाव्या कोपऱ्याखाली, काही विचार न करता, पत्री सारली. हाताला सवय होती, डोक्याला विचारलंच नाही. गाडी काही लूमसारखी दबत नाही. ती वाकडी जन्मली आणि वाकडीच राहिली.

मद्रासच्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवी. वाकडेपणच तिथे कामाला आलं होतं. पुढची शर्यत कोईमतूरकडे, विमानाच्या जुन्या धावपट्टीवर, आणि तिथे एक लांबलचक डावं वळण होतं, भरवेगात घ्यायचं. गाडी गुरुवारी टेम्पोत चढणार होती.

धुरपदाबाई दुपारचा डबा घेऊन आली तेव्हा तो रुळावर बसला होता.

"जेवाले बठा ना. काय व्हयनं?"

"चूक व्हयनी. मन्ही चूक शे." त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "कोनले मालूम नही. वसंतरावलेबी नही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. तिने डबा उघडला, भाकरी काढली, आणि त्याच्या हातात दिली नाही.

"पोऱ्या त्या गाडीमा बसस," ती म्हणाली.

एवढंच बोलून तिने भाकरी पुढे केली. बळीरामने दोन घास पाण्याबरोबर उतरवले आणि हॅकसॉ उचलली.

संध्याकाळी भूपेंद्र आणि वसंतराव शेडमागे आले तेव्हा गाडीचं मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि सांगाड्याचा कापलेला तुकडा जमिनीवर पडला होता.

"काका, आ शुं कर्युं? काय केलं हे?" भूपेंद्र ओरडला. सुरतेत वाढलेला पोरगा. घाबरला की गुजरातीत शिरायचा.

बळीरामने सांगितलं. पत्रीपासून, काही न लपवता.

वसंतरावांनी आधी विचारलं, "म्हणजे माझी मापं बरोबर होती?"

"तुमची बरोबर होती, साहेब. चूक माझ्या हाताची."

वसंतरावांचा चेहरा उजळला. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की गाडी त्या मापांप्रमाणे झाली असती तर मद्रासला पहिला नंबर आला नसता, आणि मासिकातला तो लेख एका पत्रीबद्दल होता. ते स्टुलावर बसले आणि चष्मा पुसत राहिले.

"पण काका, जिंकलो ना आपण?" भूपेंद्र म्हणाला. "जशी होती तशी जोडा. वळण मी सांभाळून घेईन. या शर्यतीत पहिल्या पाचांत आलो तर मद्रासची मोठी टीम मला घेईल. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत आहे, भाऊ. म्हणून तर आधी कापली, मग सांगितलं. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि तुमच्यापुढे माझं काय चालतंय?"

"दुसरा वेल्डर आणीन मी."

"आणा. पण त्यालाही नळी लावून दाखवीन. नळी बघितल्यावर तोही सरळच जोडेल."

भूपेंद्रने वसंतरावांकडे पाहिलं. वसंतराव चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "सरळच कर, बळीराम." ते बोलताना त्यांना किती जड गेलं, ते फक्त बळीरामने ओळखलं.

बुधवारी दुपारपर्यंत सांगाडा पुन्हा एक झाला. पाणी दोन्हीकडे एका रेषेत आलं. बळीरामला बरं वाटलं नाही, मोकळंही वाटलं नाही. आपण एका पोराचं स्वप्न आपल्या हाताने कापलं, असंच वाटत राहिलं.

पुढल्या मंगळवारी टेम्पो परत आला. वसंतराव पुढच्या सीटवरून उतरले आणि थेट बळीरामकडे आले.

"सातवा," ते म्हणाले. "उजव्या वळणांवर मागे पडत गेलो. डाव्या वळणावर दोन गाड्या घसरून गवतात गेल्या. एकाची मांडी मोडली. आपली गाडी हलली नाही."

बळीरामने टेम्पोतल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं.

"शेठ म्हणतात, पुढच्या वर्षी तयार गाडीच आणू. मद्रासवाल्यांचंही काही आलं नाही. त्या दोन गाड्या करायचं राहिलं."

"राहू द्या, साहेब."

टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून भूपेंद्रने उडी मारली. दाढी वाढलेली, डोळे लाल. बळीराम समोरच उभा होता. भूपेंद्रने त्याच्याकडे एकदा पाहिलं. हेल्मेट एका लूमवर आदळून तो शेडच्या मधल्या वाटेने घराकडे निघाला, रागारागाने, दोन्ही पाय आपटत.

साठ लूमच्या खडखडाटातही बळीरामला ते दोन्ही धडधाकट पाय दारापर्यंत ऐकू येत होते. ते बाहेर जाईपर्यंत तो तसाच ऐकत उभा राहिला.