धबधब्याची पाटी

रविवारी सकाळी सगळं ड्रमकिरान गाव मिस्साला चर्चमध्ये बसलेलं असे, आणि गुन्हा करायला याहून चांगली वेळ नव्हती. डिंपना गिलूलीने पान्हा एप्रनच्या खिशात घातला, वरून कोट चढवला आणि सायकलवर टांग मारली.

गुन्हा तसा छोटाच होता. गावाबाहेर रस्त्याला तीन फाटे फुटतात. मधला चर्चवरून थेट घोडशेपटीच्या धबधब्याला जातो. डावा डिंपनाच्या चहाच्या खोलीपाशी संपतो आणि उजवा फॉन्सी मॅकगोल्ड्रिकच्या भाड्याने सवारी देणाऱ्या गाढवांपाशी. फाट्यावर लोखंडी खांब, खांबावर धबधब्याची पाटी, आणि पाटी एका बोल्टने आवळलेली. बोल्ट सैल केला की पाटी म्हणाल तिकडे तोंड करायला तयार. त्या खोऱ्यात फोनला रेंज नाही, त्यामुळे परगावच्या माणसाला पाटी म्हणेल ती पूर्व दिशा.

डिंपनाने ती मागच्या उन्हाळ्यापासून डावीकडे वळवायला सुरुवात केली होती. वाट चुकलेली माणसं दारात आली की ती हळहळायची, "अगंबाई, पुन्हा चुकलं का कुणी? या, आत या, कसला गारठा आहे बाहेर! धबधबा काय कुठे पळून जातोय?" मग गरम, गोडसर स्कोन-पाव, घरचा जांभळा जाम, साय. चहा झाल्यावर मात्र खरा रस्ता ती अगदी प्रामाणिकपणे सांगायची. त्याचे वेगळे पैसे घेत नसे.

यंदा मात्र गिऱ्हाईक आटलं होतं. रविवारी डावीकडे केलेली पाटी दोन दिवसांत उजवीकडे बघू लागे. वारा असेल, असं तिला आधी वाटलं. पण वारा बोल्ट आवळून जात नाही. मग काल एक डच जोडपं आपली घरासारखी गाडी घेऊन आलं. दोघांच्या अंगाला गाढवांचा वास येत होता. "धबधबा?" बाईने रडवेल्या आवाजात विचारलं आणि फोनवरचे फोटो दाखवले. त्यात पाणी कुठेच नव्हतं, नुसती गाढवं होती.

तेव्हा डिंपनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

फॉन्सी हा तिच्या नवऱ्याचा, टॉमचा चुलतभाऊ. टॉमला मूठमाती देऊन आल्यावर जेवणाच्या टेबलावर याने तिच्या मनुकांच्या पावाचा घास घेतला आणि चार माणसांत म्हणाला, "जरा कोरडा झालाय." त्या दिवसापासून अबोला. धबधब्याच्या वरच्या अंगाला दोघांची कुरणं भिडतात, तिथल्या फाटकालाही तेव्हाच साखळी पडली.

ती फाट्यावर पोचली तेव्हा फॉन्सी दूध काढायच्या तिपाईवर उभा होता. हातात पान्हा, तोंडात बोल्ट.

"उतर खाली!"

फॉन्सी इतका दचकला की बोल्ट गिळायचाच बाकी राहिला. तोंडातला बोल्ट तळहातावर काढून घेत तो म्हणाला, "अरे वा, डिंपना! मिस्साला दांडी मारलीस?"

"आणि तू काय खांबावर चढून जप करतोयस?"

"पाटी सैल झाली होती. आवळतोय. समाजसेवा."

"आवळता आवळता ती बरोब्बर तुझ्या गाढवांकडे वळली!"

"आणि तुझ्या खिशातून काय डोकावतंय? चहाचा चमचा?"

डिंपनाने कोट घट्ट ओढून घेतला, पण व्हायचा तो घोटाळा झालाच होता. तिने पाटीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. ती ओढे डावीकडे, तो उजवीकडे. पाटी बिचारी कुरकुरत मध्येच अडकली. तेवढ्यात उजव्या रस्त्याने चिखलाने माखलेली एक छोटी निळी गाडी आली, आणि तिच्या मागोमाग कालच्या डच जोडप्याची गाडी.

निळ्या गाडीतून एक तरुण पाद्री उतरला. बुटांत चिखल, केसांत गवत. गावाला नवे फादर मिळणार होते आणि त्यांची पहिली मिस्सा आजच होती, हे दोघांनाही तेव्हा आठवलं.

"मी फादर मॅलकी," तो म्हणाला. "धबधब्याच्या पाटीने जा, चर्च वाटेतच लागेल, असं मला सांगितलं होतं. मी पोचलो एका गाढवांच्या गोठ्यात. तिथे हे दोघे पाहुणे भेटले. तेही तिसऱ्यांदा तिथेच आले होते. माझं प्रवचन एका गाढवाने खाल्लं."

"करड्या रंगाचं होतं का?" फॉन्सीने काळजीने विचारलं. "कागदाने त्याचं पोट बिघडतं."

डिंपनाने त्याला कोपर मारलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या बाजूने बोलली. "आम्ही पाटी सरळ करत होतो, फादर. पोरं फिरवून ठेवतात."

"हो ना," फॉन्सीने लगेच री ओढली. "हल्लीच्या पोरांना देवाची भीती म्हणून नाही!"

"गावात पोरं किती आहेत?" फादरनी शांतपणे विचारलं.

डिंपना पुटपुटली, "एक आहे. रांगतं अजून."

फादरनी एकदा तिपाईकडे पाहिलं, एकदा दोन्ही पान्ह्यांकडे. "ती पाटी मधल्या रस्त्याकडे वळवा आणि बसा गाडीत."

ताटकळलेलं सगळं गाव चर्चच्या दारात उभं होतं. त्या सगळ्यांसमोर दोघं मागच्या सीटवरून उतरली, हातात पान्हे तसेच. फादरनी प्रवचन कागदाशिवाय केलं. "परक्याला वाट दाखवणं हे मोठं पुण्य आहे," ते म्हणाले. "डिंपना आणि फॉन्सी यांनी फाट्यावरची पाटी जन्मभर सांभाळायचं व्रत घेतलंय. ती तसूभर जरी हलली, तरी यांनाच विचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिंपनाचे कान बीटासारखे लाल झाले. वयाने माणूस बनेल होतो, असं म्हणायचीही सोय नव्हती. हा तर कोवळा होता आणि तरी अस्सल बेरकी.

त्यानंतर पाटी हलली नाही, आणि गिऱ्हाईकही आलं नाही. स्कोन डिंपना एकटीच खात बसे. शेवटी एका दुपारी ती कुरणाच्या टोकाशी गेली. फाटकापलीकडे फॉन्सी करड्या गाढवाची मान खाजवत उभा होता.

"तुझ्या कुरणातून धबधब्याच्या माथ्यावर पायवाट जाते ना?" तिने विचारलं.

"जाते की. पण लोक माझ्या कुरणात येणार कुठून?"

"माझ्या अंगणातून."

फॉन्सी साखळी कापायची कात्री आणायला गेला.

सरकारी पाटीला त्यांनी बोटही लावलं नाही. तिच्याखाली आपली एक लाकडी पाटी ठोकली: धबधब्याची सुंदर वाट, चहा आणि गाढवांसह. फादर सायकलवरून जाताना थांबले आणि त्यांनी ती दोनदा वाचली. तिच्यात एक अक्षर खोटं सापडेना, तेव्हा मान हलवून निघून गेले.

महिन्याभरात डिंपनाला नवीन खुर्च्या आणाव्या लागल्या. एका संध्याकाळी कपबशा विसळताना ती चिडून म्हणाली, "फॉन्सी, पोस्टातली बाई आज मला अभिनंदन म्हणाली. गावभर झालंय, आपण दोघं लग्न करतोय. कुणी उठवलं असेल हे?"

"मी," फॉन्सी बशी पुसत म्हणाला. "लोक बघायला येतात. चहा पितातच की."

डिंपनाने ओलं फडकं नेम धरून त्याच्या तोंडावर मारलं. मग विचार करून विचारलं, "तारीख कुठली सांगितलीस?"

"नाही सांगितली अजून."

"सांगूही नकोस," ती म्हणाली. "हंगाम संपेपर्यंत तरी."