तीस सेकंदांची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. मला हात नाहीत. ते मोडले असे समजू नका, मुळात बसवलेच नव्हते. ज्या सुताराने मला घडवले, त्याला कागदावर लिहून दिले होते : बैठकीची उंची त्रेचाळीस सेंटीमीटर, पाठ सरळ, हात नकोत, गादी नको, चाके तर मुळीच नकोत. सुताराने कागद दोनदा वाचला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ही खुर्ची बसायला आहे की उठवायला?"

तो थट्टेने बोलला, पण बोलला ते खरे होते. लोकांना माझ्यावर विसावा मिळावा म्हणून मी जन्माला आले नव्हते. माझ्यावरून त्यांना किती वेळा उठता येते, ते मोजायचे होते.

एका मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर मला नेण्यात आले. खोली लहान होती. एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर गुडघ्याचे चित्र, आणि भिंतीला पाठ लावून मी. मी हलू नये म्हणून माझ्या चारही पायांभोवती जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. त्या खोलीत गुडघ्याच्या झिजेवरच्या एका नव्या औषधाची परीक्षा चालणार होती. आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक मऊ थर असतो. वय वाढते, वर्षानुवर्षे ओझे पडते, तसा तो झिजतो. मग हाड हाडाला घासते, सांधा सुजतो, आणि साधे उठणेसुद्धा नकोसे होते. ही झीज भरून काढणारे औषध अजून कुणाला सापडलेले नाही. नवे इंजेक्शन निदान दुखणे तरी थांबवेल, अशी मोठ्या डॉक्टरांना आशा होती.

मोजण्याचे काम एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे होते. तिचे नाव काहीही असो, येणारे सगळे तिला 'मोजणारी ताई' म्हणत. तिच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचे. माणूस माझ्यावर बसला की ती सांगायची, "हात छातीवर घट्ट बांधा. कशाचाही आधार घ्यायचा नाही. मी 'सुरू' म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंद."

एकशे ऐंशी माणसे माझ्यावर बसली. बसचालक काका होते, ते दर वेळी उठताना एक शिवी घालायचे आणि लगेच ताईची माफी मागायचे. एक शिंपीण होती, तिला उठताना स्वतःच्या हाडांचा आवाज ऐकू यायचा. सगळ्यांचे वजन मी पेलले. पण मी आज सांगणार आहे ती गोष्ट पाळणाघरवाल्या आजींची आहे.

आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हिला धरायला काहीच नाही!"

"मुद्दामच नाही ठेवलं, आजी," ताई म्हणाली.

"म्हणजे दुखणं आमचं, आणि परीक्षाही आमचीच."

आजी तीस वर्षे घरात पाळणाघर चालवत होत्या. आठ मुले. कुणी रांगते, कुणी नुकतेच चालायला लागलेले. दिवसभर जमिनीवर बसायचे, उठायचे, एकाला कडेवर घ्यायचे, दुसऱ्याच्या मागे धावायचे. आता दोन्ही गुडघे गेले होते. मुलगा म्हणत होता, "आई, पुरे झालं. बंद कर." सूनही तेच म्हणत होती, पण जरा गोड शब्दांत. आजींना ते मान्य नव्हते. "ती मुलं गेली की मी दिवसभर करू काय? भिंतींशी गप्पा मारू?" असे त्या ताईला विचारत होत्या.

ताईने त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना खरे औषध मिळेल, अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी. कुणाला काय मिळाले ते वर्षभर कुणालाच कळणार नाही. डॉक्टरांना नाही, ताईलाही नाही. इंजेक्शनची नळीसुद्धा चंदेरी कागदात गुंडाळलेली असेल. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि सही केली. मग म्हणाल्या, "चिठ्ठीत माझं नाव आजवर कधी निघालं नाही. एवढ्या एका वेळी निघू दे."

पहिल्या मोजणीत आजी तीस सेकंदांत सहा वेळा उठल्या. सातव्यांदा उठताना त्या अर्ध्यातच थांबल्या आणि धाडकन माझ्यावर बसल्या. माझे सांधे करकरले. मला हात असते तर मी ते पुढे केले असते. पण मला सरळ, ताठ आणि गप्प उभे राहायचे होते. तेच माझे काम होते आणि त्याबद्दल माझे कौतुकही व्हायचे. तपासनीस आले की टेप लावून माझी उंची मोजत आणि वहीत लिहीत, 'खुर्ची योग्य'.

तीन महिन्यांनी आजी नऊ वेळा उठल्या. सहा महिन्यांनी अकरा वेळा. ताईला मोजताना हसू आवरत नव्हते. कागदावर आकडा लिहिताना तिने चेहरा कोरा ठेवायचा असतो, पण तिला ते काही जमले नाही.

"शाळेत उठाबशा काढायला लागल्या की आमची नाचक्की व्हायची," आजी धापा टाकत म्हणाल्या. "इथे म्हातारपणी उठाबशांचं कौतुक होतंय!"

वर्षाच्या शेवटी त्या तेरा वेळा उठल्या. उठताना त्यांचे पाय थरथरत नव्हते, हे मला माझ्या बैठकीला कळत होते. त्यांनी सांगितले, की पाळणाघरात आठाची दहा मुले झाली आहेत. मुलगा आता 'बंद कर' म्हणत नाही. सकाळी त्या जिना उतरून स्वतः मुलांना घ्यायला जातात. "चिठ्ठीत निघालं गं माझं नाव," त्या ताईला म्हणाल्या, "मला पक्कं माहीत आहे. असलं औषध लपत नसतं."

शेवटच्या माणसाची शेवटची मोजणी झाली आणि कोण कुठल्या गटात ते लिहिलेली बंद पाकिटे उघडली. एकशे ऐंशी जणांचे आकडे जुळवून निकाल लावायला अजून काही महिने लागणार होते. पण कुणाला काय मिळाले, ते सांगायला डॉक्टरांनी एकेकाला बोलावले. आजींची पाळी आली तेव्हा त्या माझ्यावर बसल्या होत्या. डॉक्टर उभे होते. ताई खिडकीपाशी होती.

डॉक्टरांनी पाकिटातला कागद पाहिला. मग तो घडी घालून खिशात ठेवला.

"आजी, तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं."

आजी हसल्या. त्यांना वाटले, डॉक्टर चेष्टा करत आहेत. मग त्यांनी ताईकडे पाहिले. ताईने मान खाली घातली.

"पण मी तेरा वेळा उठले. ही साक्षीला होती."

"उठलात ना. कधी कधी असं होतं. माणूस आशेवर हलायला लागतो, स्नायूंत बळ येतं, दुखणं कमी जाणवतं. ते खोटं नव्हतं, आजी."

"मग तेच द्या मला पुन्हा. मिठाचं पाणी."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिले.

"अहो, द्या ना. मिठाचं तर मिठाचं. मला चालतं."

"आता तुम्हाला माहीत झालं ना आजी," डॉक्टर हळूच म्हणाले. "आता ते चालणार नाही. आणि औषध म्हणून मिठाचं पाणी देण्याची मला परवानगीही नाही."

आजींनी दोन्ही तळवे माझ्या बैठकीच्या कडांवर टेकवले आणि जोर लावून उठल्या. वर्षभरात त्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. कुणी बोलावले नव्हते. ओठ सुकलेले होते आणि हातात काठी होती. ताई एकटीच होती.

"मला एकदा मोज," त्या म्हणाल्या.

काय घडले ते त्यांनी मोजणीआधीच सांगितले. दुपारी एक लहान मुलगी उघड्या दारातून जिन्याकडे रांगत गेली. आजी चार हातांच्या अंतरावर बसलेल्या होत्या. त्यांना दिसत होते, पण उठता येईना. सून स्वयंपाकघरातून धावली तोवर मुलगी दोन पायऱ्या घसरली होती. ओठ फुटला, दोन टाके पडले. जिवावरचे ओठावर निभावले. त्या मुलीची आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मुलीला पाठवले नाही. आता मुलगा म्हणतो, इस्पितळातून कागद आण. तुला झटपट उठता येतं असं लिहून दिलं तर चालू ठेव, नाही तर आजपासून बंद.

ताईने स्टॉपवॉच हातात घेतले. आजींनी हात छातीवर बांधले.

एक. दोन. तीन. चौथ्या वेळी त्या कण्हल्या. पाचव्या वेळी जेमतेम सरळ झाल्या. सहाव्या वेळी उठल्याच नाहीत.

"पाच," ताई म्हणाली.

"अकरा लिही."

"आजी..."

"तेरा नाही म्हणत. अकरा लिही. सहाव्या महिन्यात होतेच ना अकरा? तुझ्याच हातचे आहेत. तारीख तेवढी बदल. एका आकड्यानं कुणाचं काय बिघडणार आहे?"

ताईने पेन उचलले. ते कागदावर टेकले. मी तिच्याकडे पाहत होते, आणि खरे सांगते मित्रांनो, तिने अकरा लिहावेत असे मला वाटत होते. मोजणीसाठी घडवलेल्या खुर्चीला असे वाटणे शोभत नाही. पण वाटले.

"आणि पुन्हा एखादं मूल जिन्याकडे गेलं तर?" ताईने विचारले.

आजींची नजर भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे गेली आणि तिथेच राहिली. ताईने पाच लिहिले, सही केली आणि कागद पुढे केला. आजींनी तो घेतला नाही. काठी घेऊन त्या निघाल्या. कॉरिडॉरमधून काठीचा आवाज बराच वेळ येत होता. ताईने दार लावले आणि माझ्यावर बसून ती तोंडावर हात ठेवून रडली.

पुढे निकाल लागला. औषध मिळालेले आणि मिठाचे पाणी मिळालेले, दोन्ही गट सारखेच निघाले. नव्या इंजेक्शनचा काही उपयोग नव्हता. दूरच्या कुठल्याशा मासिकात चार पानांचा लेख छापून आला. डॉक्टर दुसऱ्या इस्पितळात गेले. ज्या एकशे ऐंशी माणसांनी आपले गुडघे परीक्षेला दिले, त्यांना निकाल कळवायचे एक पत्र ठरले होते. ते पाठवायचे राहून गेले. कुणी मुद्दाम केले नाही. ज्याला त्याला वाटले, की दुसरा पाठवील.

माझेही तेच झाले. जमिनीवरची पिवळी पट्टी खरवडून काढली. खोलीत दुसऱ्या आजाराचे यंत्र आले. मला फाइलींच्या खोलीत ठेवले आणि माझ्यावर फाइली रचल्या. एका पायाचा खिळा निघाला तो तसाच आहे.

मोजणीचे काम संपले, म्हणून ताई आता त्याच खोलीत बसते, फाइली लावायला. एके दिवशी तिला जुन्या गठ्ठ्यात ते न पाठवलेले पत्र सापडले. तिने पूर्ण वाचले. मग यादी काढली आणि फोन लावला. फोन सुनेने उचलला. आई आता पलंगावरच असतात, म्हणाली. पाळणाघर? ते केव्हाच बंद झालं. मग तिने फोन आजींना दिला. आजींचा आवाज पूर्वीसारखाच मोठा होता. फोनमधून बाहेर मलाही ऐकू येत होता.

"कोण? मोजणारी?"

"हो आजी. निकाल सांगायचा राहिला होता."

"कसला निकाल?"

"ते औषध, आजी. ते कुणालाच लागू पडलं नाही. खरं मिळालं त्यांनाही नाही. दोन्हीकडे सारखंच."



"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"दोन वर्षं झाली गं," आजी म्हणाल्या. "दोन वर्षं मी इथे पडून विचार करतेय, की बाकीच्या सगळ्या धावत असतील."

आणि त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, मोठी माणसे अशा परीक्षा घेतात, त्या चुकीच्या नाहीत. त्यांच्याशिवाय उद्याचे औषध सापडणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी मोजणारी ताई होईल. तेव्हा एवढेच करा. ज्यांच्या दुखण्यावर तुम्ही शिकलात, त्यांच्या घरी निरोप पाठवा. निकाल वाईट असला तरी पाठवा. उशीर करू नका. माणूस वाट बघत असतो, आणि वाट बघताना स्वतःलाच दोष देत असतो.

ताईच्या यादीत अजून एकशे एकोणऐंशी नावे होती. तिने दुसरा नंबर लावला. तो बंद होता. तिसरा लावला. बसचालक काकांच्या मुलीने उचलला आणि म्हणाली, "बाबा गेले. मार्चमध्ये." ताईने "माफ करा" म्हटले, त्या नावापुढे एक छोटी रेघ ओढली आणि चौथा नंबर लावला.