थोरला ढग, धाकटा ढग

रडारच्या खोलीत मी खिडक्या झाकूनच बसते. लोकांना वाटतं, बाई झोपा काढते. वाटू दे. समोरच्या स्क्रीनवर हिरवे-पिवळे डाग उमलतात, सरकतात, एकमेकांत विरतात. बघता बघता तंद्री लागते खरी, पण काम त्या तंद्रीतच होतं. गारांचा ढग मी दाखवायचा. भाऊजींनी विमान त्याच्या पोटाखाली न्यायचं आणि पंखांवरच्या रसायनाच्या नळकांड्या पेटवायच्या. धूर वर चढला की गार मोठी होत नाही, बारीक होऊन वाटेतच विरघळते. निदान आम्ही त्या भरवशावर जगतो.

त्या दुपारी बाहेरचा उजेड शेवाळी झाला होता. गारांनी गच्च भरलेला थोरला ढग निघाला होता थेट ताईच्या काचघरावर. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, भाऊजींची बायको. अर्धं आयुष्य घातलंय तिने तिथल्या ऑर्किडांत. थोरल्याला बिलगून एक धाकटा वाढत होता. त्याचा मोहरा खालच्या बागांकडे, आणि बागा ऐन फुलोऱ्यात.

पिकलेल्या ढगात गार आधीच झालेली असते, तिथे नळकांडी जाळणं म्हणजे धूर फुकट. गाठायचं ते वाढत्या ढगाला. हे मला तोंडपाठ आहे, पण जीभच उचलेना.

"बोला मेव्हणीबाई," रेडिओवर भाऊजी. "शेवटची जोडी उरलीय. कुठे जाळू?"

"थोरला ताईकडे चाललाय."

"मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय."

असा संताप आला मला. माणूस आहे की दगड? "पेटवा ना त्याच्याखाली. करून तरी बघा."

मग झोपेत बोलल्यासारखे ते म्हणाले, "त्याचं आता काही होत नाही, तुलाही माहितीये. मी धाकट्याकडे वळतोय. तू तिला फोन कर. काचेखालून बाहेर काढ."

ताईला मी पंपाच्या खोलीत पिटाळलं आणि फोन चालूच ठेवला. स्क्रीनवर धाकट्याचा पिवळा रंग हळूहळू हिरव्यात उतरत होता, म्हणजे त्याचा जोर ओसरत होता, किती सुंदर दिसत होतं ते, आणि कानात काचा फुटत होत्या.

"गेलं गं सगळं," ताई रडत म्हणाली. मग एकदम सावरली. "त्यांना कळवू नकोस. अजून वर आहेत ना? हात थरथरला तर? सुखरूप उतरू देत आधी."

फोन ठेवते तोच भाऊजी. "ती बरी आहे ना?"

"अगदी ठणठणीत. चार काचा तडकल्यात, बाकी काही नाही."

"बरं." मग ते म्हणाले, "थोरला पुढे सरकलाय. मला वरून दिसतंय गं, काचघराचा नुसता सांगाडा उरलाय. पण मी पाहिलंय हे तिला सांगू नकोस. मी उतरेपर्यंत जीव टांगणीला लागेल तिचा."